गाठींचे रंग

भीमराव तायडे आपल्या लोकरीला नावं द्यायचे, आणि ती नावं ऐकून नवा माणूस हमखास हसायचा. एका लडीचं नाव ‘फरसाण’, दुसरीचं ‘पाहुणे आले’, तिसरीचं ‘दुपारची झोप’. जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या त्यांच्या फ्लॅटवर लोकर घ्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "तायडेजी, सीधा लाल-भूरा क्यों नहीं बोलते?" त्यावर भीमराव मिशीतल्या मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "लाल-भूरा तो सब बोलते हैं, मॅडम." बायकांना वाटायचं, काय कलंदर माणूस आहे!

कलंदर कसला! खरं कारण जगात एकट्या मीराबाईंना, त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. भीमरावांना लाल आणि हिरवा यांतला फरक जन्मापासून कळत नव्हता. तपकिरी आणि केशरीही त्याच गोंधळात जमा. म्हणून चारचौघांत कुठल्याही रंगाचं नाव तोंडातून काढायचं नाही, असा नेम त्यांनी तरुणपणीच करून टाकला होता आणि तो साठी उलटली तरी मोडला नव्हता.

आता रंग न ओळखणाऱ्या माणसानं रंगीत लोकर पिळायचा उद्योग आरंभावा, याला काय म्हणायचं? पण तो त्यांनी मनानं आरंभलाच नव्हता, बायकोनं गळ्यात मारला होता. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यावर भीमरावांचा घरात नुसता येरझारा घालण्याचा कार्यक्रम सुरू झाला. जगतपुरा स्टेशन जवळच. गाडीची शिटी आली की हे घड्याळ बघणार आणि "लेट हाय" असं रिकाम्या भिंतींना जाहीर करणार. सोफ्यावर विणत बसलेल्या मीराबाईंचे टाके त्यामुळे चुकू लागले. शेवटी एके दिवशी त्या नवऱ्याला बसमध्ये घालून शहराबाहेरच्या बस्सी गावाला घेऊन गेल्या. तिथे नंदकिशोरजींचा लोकर कातायचा छोटासा कारखाना होता. रंगवलेल्या बारीक, एकेरी धाग्याचे उरलेसुरले कोन, म्हणजे पुठ्ठ्याच्या सुळक्यांवर गुंडाळलेली रिळं, तिथे पोत्यात पडलेले असत. एका रंगात पुरं स्वेटर होणार नाही, एवढाच धागा प्रत्येकावर. मीराबाईंनी एक पोतं निवडलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर दिलं.

"दोन-दोन, तीन-तीन धागे घ्या अन पिळून द्या मले," त्या म्हणाल्या. "तेवढेच घरात तुमचे पाय थांबतीन."

मीराबाई अकोल्याच्या, भीमराव मूर्तिजापूरचे. उभी हयात जयपुरात गेली तरी घरात दोघं एकमेकांशी बोलायचे ते वऱ्हाडीतच.

पाय काही थांबले नाहीत. भीमरावांनी भंगारवाल्याकडून जुन्या शिलाई मशीनचं पायटं आणलं, त्यावर चाकाच्या जागी फिरती चाती बसवली आणि पाय मारमारून पीळ द्यायला सुरुवात केली. पहिली लड अशी काही आकसली की तिचं स्वेटर सोडा, दोरखंडही झालं नसतं. मग कळलं की कारखान्यातून येणारा एकेरी धागा उजवीकडे पिळलेला असतो, आणि असे धागे एकत्र करायचे तर त्यांना डावीकडे पीळ द्यावा लागतो. म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना धरून बसतात आणि धागा शांत होतो. शांत झाला की नाही, याची परीक्षाही भीमरावांनी शोधून काढली. हातभर धागा घ्यायचा, दोन्ही टोकं जुळवायची आणि मधला भाग लोंबत सोडायचा. स्वतःभोवती गिरकी घेऊ लागला तर पीळ जास्त झाला. निवांत लोंबत राहिला तर जमलं. जमलं की ते मोठ्यानं "राइट टाइम!" असं ओरडायचे आणि मीराबाई विणता विणता मान डोलवायच्या.

मग लड कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडायची, गच्चीवर दोरीला टांगली जायची, आणि खालच्या टोकाला पार्सल ऑफिसातलं जुनं पितळी कुलूप वजन म्हणून लटकायचं. जयपूरच्या उन्हात दुपारपर्यंत लोकर खडखडीत वाळायची.

रंगांचं काय? तिथेच तर गंमत होती. इतर लोक रंगाला रंग जुळवायला जातात आणि सुंदर लाल, सुंदर हिरवा एकत्र पिळून लांबून बघतात तर चिखल! भीमरावांना लाल-हिरवा दिसतच नव्हता, पण उजळ काय आणि गडद काय हे त्यांना लख्ख दिसायचं. ते डोळे बारीक करून एक उजळ, एक गडद आणि एक मधला असे धागे निवडायचे. त्यामुळे त्यांच्या लोकरीत प्रत्येक पेड वेगळा उठून यायचा. विणलं की ठिपक्यांची अशी काही पखरण व्हायची की लांबच्या आदर्श नगरातल्या बायकासुद्धा स्कूटर काढून जगतपुऱ्यापर्यंत यायच्या.

तरीही कधीकधी नेमका रंग लागायचाच. त्यासाठी मीराबाईंनी गाठी शोधल्या. बस्सीहून पोतं आलं की त्या प्रत्येक कोनच्या सुट्या टोकाला खूण करायच्या. लाल असेल तर एक गाठ, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन आणि केशरीला एक छोटासा फास. निळा, पिवळा, पांढरा यांना काहीच नाही, ते भीमरावांना आपसूक ओळखू यायचे. भीमराव शेल्फाशी उभे राहून बोटांनी टोकं चाचपायचे आणि बिनचूक कोन उचलायचे. बघणाऱ्याला वाटे, काय जाणकार माणूस आहे, हातानंच लोकरीचा पोत पारखतो! दोघं नवरा-बायको हे ऐकून एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत, हसू फुटेल म्हणून.

एवढी लपवाछपवी कशासाठी, असं कुणीही विचारेल. त्याचं मूळ मूर्तिजापुरात होतं. भीमरावांचे वडील शामराव तिथल्या छोट्या लाइनीवर इंजिनात कोळसा घालणारे फायरमन होते. आपला पोरगा मोठ्या लाइनीवर ड्रायव्हर होणार, असं त्यांनी साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. भीमरावही हुशार. सिग्नलचा हात वर की खाली, यावरून ते लहानपणापासून गाडीचं सगळं सांगायचे. रंगाशी गाठ पडली ती रेल्वेच्या डॉक्टरसमोर. ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे ठेवलं, त्यातला आकडा वाचायला सांगितला, आणि भीमरावांना ठिपक्यांशिवाय काही दिसेना. ड्रायव्हरकी गेली. पुढे पार्सल क्लार्कची नोकरी लागली ती थेट जयपूरला. शामराव पोराला एका शब्दानं बोलले नाहीत, पण वस्तीत विचारलं की "मेडिकलमधी जराशी अडचण हाय" असं म्हणून स्वतःच्या पायांकडे बघायचे. वडलांची ती खाली गेलेली नजर भीमरावांना फार लागली होती. तेव्हापासून ही गोष्ट त्यांनी मनाच्या तळाशी ठेवून दिली. मुलगा यतीन लहानपणी चित्रात कोणता रंग भरू म्हणून विचारायचा, तर हे म्हणायचे, "मायले विचार, तिले चित्रातलं कळते."

सून वल्लरी घरात आली आणि घर आणखी बोलकं झालं. ती आदर्श नगरातल्या डॉक्टर परीक्षित सबनीसांची मुलगी. सबनीस दातांचे डॉक्टर. वल्लरी शाळेत जीवशास्त्र शिकवायची, जन्मापासून जयपुरात वाढलेली, त्यामुळे तिच्या मराठीत दर दोन वाक्यांनी एक ‘मतलब’ डोकावायचा. यतीनची आणि तिची ओळख कॉलेजातली. लग्न ठरताना दोन्ही घरांत थोडी कुरबुर झाली, पण वल्लरी पहिल्या दिवसापासून अशी वावरली की कुरबुर करणारेच पुढे तिची बाजू घ्यायला लागले.

त्या वर्षी उन्हाळ्यात वल्लरीनं गोड बातमी दिली. भीमरावांना इतका आनंद झाला की त्यांनी खाली जाऊन वॉचमनला मिठी मारली. पण त्याच दिवशी संध्याकाळी चातीवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं. आपलं हे बाळात उतरलं तर? यतीन वाचला, पण नातवंडाला आजोबाकडून हेच मिळालं तर? त्यालाही कुणी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं तर? हे त्यांनी मीराबाईंनाही सांगितलं नाही. पायट्यावरचा पाय मात्र मध्येच थांबायला लागला.

त्यात वल्लरीनं एक मागणं मागितलं. "बाबा, बाळाच्या पहिल्या ब्लँकेटची लोकर तुम्हीच करायची. पंचशील ध्वजाचे पाचही रंग एकाच धाग्यात. मतलब, आपल्या विहारावर असतो ना, तसे. विणायचं काम आईंचं."

भीमरावांचा ऊर भरून आला. सुनेनं आपण होऊन तो ध्वज मागावा, यापरता मान कोणता? निळा, पिवळा, तांबडा, पांढरा, केशरी. इथे ‘फरसाण’ चालणार नव्हतं. पाचही रंग नेमके तेच हवेत. पण गाठी होत्या, आणि गाठी बांधणारीही होती. भीमरावांनी बस्सीहून खास बाळांच्या कपड्यांसाठी असते तशा मऊसूत लोकरीचं सरमिसळ रंगांचं पोतं आणलं, मीराबाईंनी कोनांना खुणा केल्या, आणि पाच धागे वेगवेगळे राहावेत म्हणून भीमरावांनी पाच भोकांची लाकडी फळी तासून तयार केली.

इतक्यात अकोल्याहून फोन आला. मीराबाईंच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मीराबाई बॅग भरून गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी येईपर्यंत लोकर तयार ठेवजा. आल्याबरोबर सुया हातात घेते."

"तयारच समज," भीमराव म्हणाले.

दिवाळी तोंडावर आली होती, आणि जयपुरात दिवाळीची सफाई म्हणजे घरोघरी युद्धपातळीवर चालणारं काम. वल्लरीला सातवा महिना, शाळेला सुट्टी लागलेली, घरात बसून जीव कंटाळलेला. भीमराव बँकेत गेले होते तेवढ्यात तिनं लोकरीच्या शेल्फाकडे मोर्चा वळवला. सगळे कोन उतरवून धूळ पुसली. टोकांना गाठीच गाठी! बिचाऱ्या बाबांचा धागा किती गुंततो, असं म्हणत तिनं त्या प्रेमानं सोडवल्या. ज्या सुटेनात त्या कात्रीनं कापल्या. मग सगळे कोन आपल्याला सुंदर दिसतील असे लावून टाकले.

भीमराव घरी आले. वल्लरी दारातच उभी होती, गाल लाल झालेले, केसांवर धूळ. "बाबा, सरप्राइज!"

भीमरावांनी शेल्फ पाहिलं. एका कोनचं टोक चाचपलं. गुळगुळीत. दुसऱ्याचं, तिसऱ्याचं, सगळी टोकं गुळगुळीत.

"छान," ते म्हणाले. "लय छान केलंस, बेटा."

दार लावून त्यांनी मीराबाईंना व्हिडिओ कॉल लावला. अकोल्यात बहिणीभोवती अर्धा गोतावळा जमलेला. मीराबाईंच्या शेजारून कुणाकुणाची तोंडं फोनमध्ये डोकावत होती. भीमराव कोन कॅमेऱ्यासमोर धरून कुजबुजले, "हा कोणता व?"

"काय म्हणता? जोरात बोला!"

"हा... हा कोणता?"

"मले तर चहासारखा दिसते," कुणी एक म्हातारी मध्येच म्हणाली.

"तुमच्या खोलीतला बल्ब पिवळा हाय," मीराबाई म्हणाल्या. "खिडकीत या. नाई, आता तर पांढराच दिसून राह्यला. अजी, गाठी पाहा ना!"

"गाठी नाईत," भीमराव म्हणाले.

मीराबाईंना एका क्षणात सगळं समजलं. त्या फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. "सुनेले विचारा. आता सांगून टाका एकदाचं."

"तिले? या दिवसांत? नाई सांगत मी."

"मंग करा काय करता ते," मीराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. बहिणीची औषधाची वेळ झाली होती.

भीमरावांनी सगळे कोन पलंगावर मांडले. निळा, पिवळा, पांढरा त्यांनी बाजूला काढले. राहता राहिले दोन, तांबडा आणि केशरी. शेवटी त्यांना एक नामी युक्ती सुचली. संशयित कोन त्यांनी पिशवीत भरले आणि खाली कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाड्यावर गेले. भाजीवाल्याशी त्यांची जुनी ओळख. त्यांनी एकेक कोन काढून विचारायला सुरुवात केली. "भैया, ये अपने टमाटर जैसा है क्या?"

भाजीवाल्यानं त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "नहीं बाबूजी, ये तो पालक है." पुढचा कोन, "ये तो आलू का छिलका." त्यानंतर एका कोनला तो म्हणाला, "हाँ, ये टमाटर." झालं, तांबडा सापडला. आता केशरी. लहानपणी मूर्तिजापूरच्या शाळेत बाई म्हणायच्या, गाजराचा रंग केशरी. भीमरावांनी शेवटचे दोन कोन दोन्ही हातांत धरले. "इनमें से गाजर जैसा कौन सा है?"

गाड्यावर नव्या हंगामातली पहिली गाजरं रचलेली होती. भाजीवाल्यानं बिनदिक्कत एका कोनवर बोट ठेवलं. "ये. एकदम गाजर."

भीमरावांचा जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात त्यांनी टोमॅटो, गाजर, पालक, सगळंच थोडंथोडं घेतलं आणि जिना चढताना एक जुनी कव्वाली गुणगुणले.

पाच धागे पाच भोकांतून निघाले, चाती फिरू लागली. फळीजवळ आल्यावर त्यांना क्षणभर वाटलं खरं, हा केशरी म्हणवणारा धागा अपेक्षेपेक्षा जरा गडद आहे. केशरी मधला असतो, एवढा खोल नसतो. पण भाजीवाल्याला दोन धडधाकट डोळे होते. आपल्या डोळ्यांचं काय ऐकायचं, असं म्हणून त्यांनी पाय मारला. धागा उतरला तो इतका सरळ, इतका मऊ, की टोकं जुळवून सोडला तर वाऱ्याशिवाय हलला नाही. "राइट टाइम!" भीमराव एकटेच ओरडले.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर लडी वाळत होत्या. वल्लरी एका हातानं कंबर धरून, दुसऱ्या हातानं कठडा धरून वर आली. भीमराव पाण्याच्या टाकीजवळ नवरदेवासारखे ताठ उभे होते.

"कशी झाली?"

वल्लरीनं लड हातात घेतली, गालाला लावली. "किती मऊ आहे, बाबा!" मग उन्हात धरली. "बाबा... यात केशरी कुठाय?"

"हा काय!" भीमरावांनी ठामपणे बोट ठेवलं. "गाजरासारखा."

वल्लरीनं एकदा लडीकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. आणि तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. ती टाकीच्या कट्ट्यावर बसली, पोट धरून हसू लागली. "बाबा! जयपूरचं गाजर लाल असतं! इकडे थंडीत लालच येतं. केशरी तुमच्या अकोल्याकडे!"

भीमराव चाळीस वर्षं ते गाजर खात होते. त्याचा हलवा खात होते. दर हिवाळ्यात स्वतः निवडून आणत होते. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगणार तरी का कुणी? ते हळूच तिच्या शेजारी बसले. वाटलं, झालं, उघडं पडलं सगळं. बाळाचा पहिला धागाच चुकीचा पिळला आपण.

"मले रंग दिसत नाईत, बेटा," ते म्हणाले. "हे लाल-हिरवे. लहानपणापासून."

"माहितीये मला," वल्लरी डोळे पुसत म्हणाली.

"काय?"

"पहिल्यांदा जेवायला आले होते ना मी, कचोरी आणली होती तुम्ही, लाल आणि हिरवी चटणी घेऊन. तुम्ही चटणी घेण्याआधी वाटी नाकाशी नेलीत. पप्पा अगदी तसंच करतात. पप्पांनाही नाही दिसत. त्यांच्या दवाखान्यात दाताचा रंग कंपाउंडर जुळवतो. आणि तुमच्या लोकरीची ती नावं! मतलब, मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. पण तुम्ही बोलत नाही, म्हटल्यावर मी कशी बोलू?"

डॉक्टर सबनीस! एवढे मोठे डॉक्टर, इस्त्रीचा शर्ट, मोटार, आणि तेही चटणीचा वास घेतात! भीमरावांना एकदम ते व्याही फार आवडले. पण मनातलं ते दुसरं ओझं अजून तसंच होतं. त्यांनी लडीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"वल्लरी, तू हे शिकवते ना शाळेत. एक सांग मले. माह्यं हे... बाळाले येईन का?"

तिचं हसू तिथेच थांबलं. सासऱ्यांचा पाय मध्येच का थांबतो, हे तिला आत्ता कळलं. तिनं लडीतला एक धागा ओढून त्याचे पेड बोटांनी सुटे केले.

"हे बघा. प्रत्येक बाळ दोन पेडांचं. एक आईकडून, एक वडलांकडून. रंगांचं हे जे आहे, ते वडलांकडून मुलाला जातच नाही. मुलीला जातं, मुलाला नाही. यतीनला तुमच्याकडून ते मिळालंच नाही. जे त्याच्याकडे नाही, ते तो पुढे कुठून देणार? तुमच्याकडून हे बाळाला येऊच शकत नाही, बाबा."

"नक्की?"

"परीक्षेत दर वर्षी विचारते मी."

भीमरावांनी मान वळवली. डोळ्यांत आलेलं पाणी उन्हानं आलं असावं, असं त्यांनी दाखवायचा प्रयत्न केला, पण ते गालांवरून मिशीत उतरलं तेव्हा तोही सोडून दिला. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"आता आलंच," वल्लरी पुढे म्हणाली, "तर माझ्याकडून येईल. पप्पांचं. मुलगा झाला तर अर्धी शक्यता आहे."

भीमरावांचं पाणी जागीच थबकलं. "म्हणजे डॉक्टरसाहेबांचं येईन?"

"हो."

"अन माह्यं काहीच नाई?"

वल्लरी परत हसायला लागली. "तुमचं नाक येईल ना!"

भीमराव थोडे हिरमुसलेच. इतकी वर्षं ज्याचं भय बाळगलं, त्यावर व्याह्यांचा हक्क निघाला म्हणजे काय! मग त्यांनाही आपलंच हसू आलं, आणि दोघं टाकीच्या कट्ट्यावर बसून इतकी हसली की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बाईनं चौकशी केली, "सब ठीक है ना?"

"पण बाबा," वल्लरी म्हणाली, "आजपर्यंत तुम्ही कोन ओळखायचात कसे?"

भीमरावांनी गाठींचं सांगितलं. वल्लरीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "त्या गाठी? मी तर... मी कात्रीनं कापल्या! बाबा, मला वाटलं गुंता आहे!"

तिचा चेहरा इतका पडला की आता भीमरावांनाच तिची समजूत घालावी लागली. खाली येऊन तिनं सगळे कोन जमिनीवर मांडले. भीमराव खुर्चीवर बसून सांगू लागले, लालले एक, हिरव्याले दोन, तपकिरीले तीन, केशरीले फास. आपण रंगांची नावं मोठ्यानं घेतोय, हे त्यांच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. वल्लरी जीभ दातांत धरून गाठी मारत होती. संध्याकाळी यतीन कामावरून आला, तर बायको सातव्या महिन्यात जमिनीवर फतकल मारून बसलेली आणि वडील तिला रंग शिकवताहेत. त्याला काय ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणून माझ्या चित्रातलं गवत नेहमी आईच रंगवायची." आणि बापाच्या खांद्यावर हात टाकून बसला.

पंचरंगी लोकर नव्यानं पिळली गेली. या वेळी केशरी केशरीच होता, आणि फळीजवळ येताच भीमरावांना तो बरोबर मधला वाटला, ना उजळ ना गडद. आपल्या डोळ्यांनी पहिल्यांदाही खरंच सांगितलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते खूश झाले. दोन लालांच्या त्या पहिल्या लोकरीचं नाव त्यांनी ‘जयपुरी गाजर’ ठेवलं.

मीराबाई अकोल्याहून आल्या. चप्पल काढायच्या आधी त्यांनी शेल्फ पाहिलं. गाठी होत्या, पण आपल्या नव्हेत, फुगीर, राखीच्या गोंड्यासारख्या. त्यांनी एक गाठ बोटांत धरली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं म्हणायचं." आणि लगेच सुया मागितल्या.

बाळ ऐन थंडीत झालं. मुलगा. नाव ध्रुव ठरलं. नामकरणाच्या दिवशी घरात बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लागल्या, आदर्श नगरातून डॉक्टर सबनीस सहकुटुंब आले. मीराबाईंनी ‘जयपुरी गाजर’च्या दोन टोप्या विणून दोन्ही आजोबांच्या डोक्यांवर चढवल्या होत्या. डॉक्टरांनी आरशात बघून व्याह्यांची पाठ थोपटली. "यातला हिरवा धागा फार सुंदर जमलाय." वल्लरीला तोंडात पदर धरून आत जावं लागलं.

ध्रुव पंचरंगी ब्लँकेटमध्ये गुरफटून पडला होता. ब्लँकेटच्या कडेला मीराबाईंनी पाच सुट्या रंगांचे गोंडे लावले होते, आणि त्यांच्या टोकांना, कुणाला न सांगता, खुणा केल्या होत्या. पुढे हे पोर कुणाच्या वळणावर जाईल ते जाईल, पण आपल्या ब्लँकेटचे रंग त्याला कुणाला विचारावे लागणार नव्हते.

पाहुणे वाकून बघत होते तेवढ्यात ध्रुवची मूठ एका गोंड्यावर पडली आणि घट्ट मिटली.

"अरे वा! कोणता धरला?" डॉक्टर पुढे वाकले. "हिरवा का?"

भीमराव खाली बसले. त्यांनी डोळे मिटले, नातवाच्या मुठीतून बाहेर आलेलं टोक दोन बोटांत धरलं. एकच गाठ होती.

"तांबडा हाय," सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले.

"मला तर हिरवाच दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

भीमरावांनी सरकून शेजारी जागा केली. "इथं बसा, डॉक्टरसाहेब. अन हात लावून पाहा."